वास येतो का

हडर्सफील्डच्या टेकडीवर, रेल्वेपुलाच्या मागे,
कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेली जमीन:
सतरा नंबरची पट्टी माझी, अठरा ईनिड ॲक्रॉइडची.
मध्ये कुंपण नाही. पुदिना आहे.
तो तिचा होता, आता माझाही.
पुदिन्याला सातबारा कळत नाही.

तिनं छत्तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात
तीनशे पोरांना जेवू घातलं.
मी जवळजवळ तेवढीच वर्षं केमिस्टच्या काउंटरमागे
गोळ्या मोजल्या, पाच-पाचच्या ओळीत.
त्यामुळे सेजची पानं उकळून, मध घालून
ती घशासाठी द्यायची, तेव्हा मी विचारायची, डोस किती?
‘मूठभर.’
कोणाची मूठ?
‘माझी.’
बसलेला घसा मात्र सुटायचा.

माझा शेपू तिनं माशावर टाकला,
लोण्यात, उकडलेल्या बटाट्यांशेजारी.
ज्या भाजीवरून आमच्याकडे दोन-दोन दिवस अबोला,
ती इथे पाहुण्यांना वाढतात!
ढेकर येतील, मी सांगून ठेवलं.
आले.
तिनं माफी मागितली आणि पुन्हा वाढून घेतलं.

फेब्रुवारीत तिला ताप आला.
उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला.
दूध करपून भांडं काळं झालं तरी
ती शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसलेली.
कांदा म्हणजे नुसतं डोळ्यांतलं पाणी.
‘मिसेस के,’ ती म्हणाली,
‘काल मटणाला पुदिन्याची चटणी लावली.
ओला पुठ्ठा खाल्ला.’
डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. औषध नाही.
हे वाक्य माझं पाठ होतं,
काउंटरच्या त्या बाजूनं कधी ऐकलं नव्हतं, एवढंच.

म्हणून जॅमच्या चार बरण्या, लेबलं खरवडलेल्या.
रोझमेरी, सेज, पुदिना, थाईम.
सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून, वीस मोजेपर्यंत.
वास येतो का?
नाही.
वास येतो का?
‘थंड काहीतरी. वास नाही.
कोणी खिडकी उघडल्यासारखं.’
मी वहीत लिहिलं: पुदिना, खिडकी.
एप्रिल गेला. रोझमेरीला निळी फुलं आली.
मधमाश्या अठरातून सतरात, सतरातून अठरात,
त्यांना सगळे वास येत होते.

एकदा थाईम चुरताना माझाच हात थांबला.
बोटांना ओवा!
मीठ लावून चावलेला, वर गरम पाण्याचा घोट,
वेंगुर्ल्याला काकूच्या चुलीपाशी
पोट धरून बसलेली मी,
आणि तव्यावर तापणारी पुरचुंडी.
इतकी वर्षं बाटल्यांवर ‘थायमॉल’ वाचत आले,
गिऱ्हाइकांना दिवसातून तीनदा सांगत आले,
ओळख पटायला मात्र निवृत्त व्हावं लागलं.

हे सगळं तिला सांगत राहिले, बरणी माझ्याच नाकाशी.
काकू, तवा, पुरचुंडी, पोटावरचा शेक.
तिनं बरणी ओढून घेतली.
वीस केव्हाच होऊन गेले.
‘शाळेतल्या नर्सचं कपाट,’ ती म्हणाली.
‘लाल साबण. फुटलेले गुडघे.’
मग घाईनं, ‘चुकलं का?’
वहीत बरोबर-चूक असे दोनच रकाने होते.
मी मधल्या रेघेवर लिहिलं: आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही.
गुरुवारी अर्धामुर्धा.
तिच्या सूपमध्ये अजून दोनदा मीठ पडतं,
मी पाणी पीत-पीत संपवते.
थाईमला ती आता ‘ओव्हा’ म्हणते,
माझ्यापेक्षा ठासून.
पुदिना एकोणीस नंबरात पोचलाय.
तिथल्या पोलिश पोरानं
अजून तक्रार केलेली नाही.