डावीकडे कांदा

वाशीचं हॉस्पिटल, तिसरा मजला, सकाळी साडेसातची पहिली केस:
धोंडीबा शेलार, वय एकसष्ट, मूळ गाव जावळीतलं,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात चौतीस वर्षं माथाडी.
कमरेतली चकती सरकलीय.
मानेबद्दल कागदावर काहीच नाही.

मानेचं मी विचारते.
माझं काम तेवढंच, भूल देणाऱ्या तिरोडकर बाईंशेजारी उभं राहून
दुसऱ्याचं डोकं सांभाळायचं.

"काका, छताकडे बघा.
आता हनुवटी छातीला.
उजवा खांदा बघा. आता डावा."
डावीकडे मान अर्ध्यातच अडली,
फुगलेल्या दारासारखी.
"तिकडं न्हाई वळत, बाई.
तिकडं कांदा असायचा."

हसले. मीही हसले.
कागदावर लिहिलं: डावीकडे कमी.

जागेपणी जेवढी वळते
तेवढीच झोपेत वळवायची,
हे घरत मामांचं शिकवणं.
माझ्या पहिल्या महिन्यात एका बाईंचा कान
डोक्याखाली दुमडून राहिला, चार तास.
शुद्धीवर आल्या तेव्हा पोटावरच्या टाक्यांबद्दल
एक शब्द बोलल्या नाहीत,
कानच चाचपत राहिल्या.
मामा ओरडले नाहीत.
स्टोअरमधली जुनी चादर आणली, पिळली, गोल वळवली.
"हं काय हाय?"
"चुंबळ."
"आयशीनं हंडा कसा ठेवला असंल, तसं डोकं ठेव.
हंडा काय बोलत नाय.
सांडला का मंगच कलतं."

मामा रिटायर झाले. आता जेलची निळी कडी येते,
स्पंज येतात भोकं पाडलेले.
मी त्यांना मनात चुंबळच म्हणते.

शेलारकाका दहापर्यंत आकडे मोजणार होते.
चारवर थांबले.
आणि पन्नास किलोच्या गोणीखाली न वाकलेली ती मान
माझ्या तळव्यांत आली,
निजलेल्या तान्ह्याची असते तेवढी सैल.

पालथं करायचं होतं. पाच जण.
डोकं ज्याच्या हातात, मोजणी त्याची:
मी "तीन" म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही,
म्हटल्यावर कुणी मागे राहायचं नाही.
एक फळी उलटावी तसे उलटले,
नळी, डोळ्यांवरच्या चिकटपट्ट्या, सगळ्यासकट.

नवीन डॉक्टर म्हणाले, "तोंड डावीकडे घ्या,
नळी ओढली जातेय, मशीन इकडे आहे."
"नाही सर."
"अहो, जरासंच."
"तिकडे कांदा आहे."

कुणी काही बोललं नाही.
मॉनिटर तेवढा बोलत होता.
मग बाई मास्कमधून म्हणाल्या, "मशीन हलवा."
मशीनला चार चाकं असतात.
ब्रेक काढला की सरकतं.

मान सरळ, चेहरा स्पंजात,
कपाळ टेकलेलं, हनुवटी टेकलेली,
डोळे अधांतरी, नाक अधांतरी, कान मोकळे.
आयुष्यभर डोकं आणि ओझं यांच्यामध्ये चुंबळ.
आज डोकंच ओझं झालं होतं,
आणि ते आमच्यावर होतं.

वर कमरेत काम चाललं, अडीच तास.
दर पंधरा मिनिटांनी मी गुडघ्यावर बसून
टेबलाखालून टॉर्च मारला.
पापण्या मिटलेल्या आहेत ना.
डोळ्यावर काही दाबत नाही ना.
खालून माणूस वेगळाच दिसतो.
मला त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर
एक जुनी, बारीक खूण दिसली.
ती त्यांच्या घरच्यांनाही माहीत नसेल.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले.
"मान कशी आहे, काका?"
"मान? मानंला काय झालंय?
कमरंचं विचारा की."

खिडकी त्यांच्या डावीकडे होती.
बाहेर काय आहे ते बघायला
ते खांद्यासकट, कमरेसकट वळू लागले
आणि विव्हळून थांबले.

वॉर्डबॉय जेवायला गेला होता. तो आल्यावर
आम्ही दोघांनी मिळून
खाट फिरवली.