ई नावाचं प्रथिन

त्याचं नाव एकाक्षरी: ई.
मांडीवर गोचीड दिसली की पोर ओरडतं ना,
तीच ई.
नाव ठेवणाऱ्यांना मराठी येत नव्हती,
तरी चुकले नाहीत.

शिगम्याच्या सुट्टीत म्हाऊसला गेले.
दारात बोंडांचा ढीग, त्यावर माश्या,
ओटीवर म्हाळू काका,
डाव्या हाताने उजवा हात धरून बसलेला.

मागल्या साली भाटात मेलेलं माकड दिसलं होतं त्याला.
सांगितलं असतं तर ऐन हंगामात रान बंद.
काठीने बाजूला सारलं,
बोंडं वेचली, घरी आला.
पाचव्या दिवशी ताप.
बांबोळीहून परतला तेव्हा ताप नव्हता;
पंधरवड्याने पुन्हा आला,
आणि जाताना हात हलता ठेवून गेला.
आता बोंडापासून बी पिळून सोडवते ती जयवंती काकी,
एकटीच.

"तू पुण्यात त्यालाच बघतेस ना गे?
कसा दिसतो?"

मी तिचीच हातरी पुढे ओढली,
चेंडूसारखी गुंडाळली. नीट जमली नाही.
बघ, असा.
काटे नाहीत, शिंगं नाहीत.
अंगभर ही ई आडवी पसरलेली,
एकशे ऐंशी जणी, नव्वद जोड्या,
मी आणि शैला झोपायचो तशा,
एका हातरीवर उलटसुलट,
माझ्या डोक्याशी तिचे पाय.
प्रत्येकीच्या टोकाला एक आकडा,
बोंडं काढायच्या काठीला असतो तसा,
पण दुसरीच्या खांद्याखाली दडपलेला.
दिसत नाही.

"मागीर?"

मागीर पेशी त्याला आत घेते.
जेवायला नव्हे, पचवायला.
पिशवीत घालते, आणि पिशवी आंबट करत नेते,
उन्हात राहिलेला निरो चढत जातो
तशी.
सगळं विरघळावं म्हणून.
आणि आंबट लागलं की
त्या जागतात.
जोड्या सुटतात.
आडव्या होत्या त्या उभ्या राहतात,
तिघी-तिघी एकत्र येतात, आकडे वर करून.
आकडे पिशवीच्या कातडीत रुततात,
मग त्या चाकू मिटावा तशा कमरेत मिटतात
आणि त्याची कातडी न् आपली
ओढून ओढून एक करतात.
भोक पडतं.
आतली चिठ्ठी आपल्या घरात.
अकरा हजार अक्षरं, त्यात दहाच प्रथिनं.
एवढाच संसार.

काकी बराच वेळ बिया पिळत राहिली.
बोटं चिकानं काळी.

"म्हणजे उठवतो आम्हीच त्याला."
हो.
"आंबट घालून."
हो.

"आणि बाहेर पडताना? तेव्हा आंबट नसतं?"
असतं की, असं म्हणताना मी चपापले;
हा प्रश्न माझ्या तोंडी परीक्षेत
परीक्षकालासुद्धा सुचला नव्हता.
असतं. पण नव्या जन्मलेल्यांच्या आकड्यांवर
टोपडं असतं, बाळाला घालतात तसं.
आंबट वाट ओलांडेपर्यंत ते टिकतं,
बाहेर आलं की गळून पडतं.

"कोण शिवतं टोपडं?"
शिवतो आपण. नमुना त्याचा.
आणि टाके उसवणारी कातर
तीही आपलीच.

म्हाळू काका पहिल्यांदाच बोलला:
"बरोबर. आपलीच."
त्याचा हात गुडघ्यावर
टप टप टप करत होता.
मला लशीचं सांगायचं होतं,
आकडा झाकूनच ठेवता येईल का त्याचं,
आमच्या तीन वर्षांच्या कामाचं.
सांगितलं नाही. हुर्राक आला, गप्पा दुसरीकडे गेल्या.

पहाटे जाग आली तर हातरी रिकामी.
काकी अंगणापलीकडे फणसाखाली,
रेंज तिथेच मिळते.
हातापायांना आरोग्य केंद्रातलं तेल चोपडलेलं,
टोपली डोक्यावर नाही, पायाशी पालथी.

"हां, माकडच," ती फोनवर सांगत होती,
"ओहोळाकडे.
भाट? भाट आमचंच.
बंद करा, काय करायचं ते करा."
मग आवाज खाली घेऊन:
"आज नव्हे, बाबा.
परवापासून आहे."