बरा

सलोमीबाई अवचरमल म्हणाल्या,
मिस्त्री, पुढून नका बघू. पुढून सगळेच देखणे असतात.
म्हणून कपाट भिंतीपासून ओढलं, चौघांच्या जोरानं,
आणि मी मागं गेलो.

मागं चिडाच्या फळ्या, रंधासुद्धा न मारलेल्या.
महोगनी फक्त जगाला दाखवायला.
आणि महोगनी तरी कुठं तिकडची?
तीही कुठल्या बेटावरून जहाजानं आणलेली,
स्कॉटलंडात तासली, मुंबईला उतरली,
पुढं कशी कशी हिंदकळत जालन्याला.
या कपाटात इथलं म्हणावं असं एकच,
तिसऱ्या खणाचा तळ. कडुनिंबाचा.
खालून पेन्सिलीनं उर्दूत नाव: वजीर.
माझा उस्ताद.
कधी बोलला नव्हता.

कोपऱ्यात लेबल. कारखाना, गल्ली,
सगळं वाळवीनं फस्त केलेलं,
गावाचं शेपूट तेवढं उरलेलं.
बाईंनी चष्मा लावून इंग्रजी अक्षरं जुळवली.
एडिंब गेलं, मिस्त्री. राहिलं नुसतं बरा.
आणि हसल्या. चाळीस वर्षं नोकरी केली,
रोज केसपेपरवर हाच शब्द शोधायची.

पुण्याचे गुंदेचा टॉर्च घेऊन आले.
बशा उलट्या करकरून शिक्के पाहिले,
बाजारात बैलाचे दात बघावेत तसे.
निळं झाड, निळा पूल, पुलावर तीन माणसं,
चित्र चीनचं, माती विलायतेची,
कडेला हळदीचा डाग, तो आमचा.
कडुनिंब पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं.
ओरिजनल नाही. वीस हजार कमी.
मी गप्प. म्हणावं, जालन्याच्या मे महिन्यात
ही महोगनी तडकली, तेव्हा कोण धावलं,
एडिंबरा?

मग कुत्री. चिनी मातीची जोडी, वीतभर उंच,
पांढऱ्यावर तांबडे ठिपके, तोंडं सासऱ्यासारखी,
गळ्यात सोनेरी साखळी, साखळीला कुलूप.
किल्ली रंगवायचं कुणी मनावर घेतलं नाही.
एकाला डावा कान नव्हता.
मांजरानं पाडलं, बाई म्हणाल्या, चौसष्ट साली.
कुणी विचारायच्या आत म्हणाल्या.

माथ्याची कोरीव पट्टी मी पुसायलो होतो.
नुसती शोभेची वाटते. खालून बोटं घातली, ओढली,
तर हलली.
तिकडच्या सुतारांची ही खोड,
माथ्यातच खण लपवायचा, ना मूठ, ना कुलूप.
आधी कोंडलेली हवा बाहेर आली, कापराची.
मग एक थर्मामीटर, पारा सांडलेला.
मग गॉजमध्ये गुंडाळलेला
कान.
दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, पेशंटच्या मनगटाला बांधतात तशी.
डॉक्टर मॅकफीबाईंचं अडखळतं मराठी:
सलोमी सांगेल तेव्हा जोडणे.

बाई स्टुलावर बसल्या.
मॅकफीबाई एकोणसत्तरला बोटीनं परत गेल्या.
सामानाच्या लिलावात हे कपाट सलोमी सिस्टरनं घेतलं,
नव्वद रुपये, दर पगारातून पाच कापून.
त्यात ज्वारीचं बियाणं ठेवलं, रेशनकार्ड, मुलांचे दाखले,
खाली उभ्या राहून रोज वेणी घातली,
आणि तो कान डोक्याच्या वर
पंचावन्न वर्षं ऐकत होता.

गुंदेचांनी टॉर्च तिकडं वळवला. वा, जोडी पूर्ण!
ते वीस हजार परत देतो.
बाई म्हणाल्या, मी सतरा वर्षांची होते.
त्यांना नव्हे, मला नव्हे, त्या पट्टीकडं बघत.
क्वार्टरात मांजर नव्हतंच.

कपाट गेलं बुधवारी, छोट्या हत्तीतून,
बशा जुन्या साड्यांत बांधून.
कुत्री गेली नाहीत.
मी बिल केलं: पॉलिश, दोन बिजागऱ्या,
वरचा खण मोकळा केला, हमाली चार माणसं.
बाईंनी दोनदा वाचलं. कानाचं काय लावलं?
म्हटलं, तो मी कुठं जोडला.
त्यांनी चष्म्याची डबी उघडून पाहिली,
आहे,
आणि टपकन मिटली.