छाप

पहिल्या दिवशी छाप पाडायची असते,
वन्संनी तीनदा बजावलं,
म्हणून मी पावणेनऊलाच सियागंजात.
शटर खाली. कुलूप रात्रीचंच.
भेरूलाल हमाल म्हणाला, "बैठो ना, बाईजी,"
आणि एक पोतं गमछ्याने झटकून दिलं.

बसले. मनात उजळणी:
नाव सांगताना हसायचं, पण कमी.
पंधरा वर्षं घरी का होतात, विचारलं तर
सासऱ्यांचं आजारपण सांगायचं,
बाकीचं नाही.

दहाला सेठ आले. मग बरंच जमलं.
जिऱ्याच्या बिलातला सव्वाशेचा घोळ
जेवणाआधीच सापडला.
मुनीमजींनी चष्मा कपाळावर नेऊन
माझ्याकडे पाहिलं, एकदाच, पण नीट.
त्यानंतर मी कपाटापाशी गेले, परत आले,
ताठ मानेनं,
किती वेळा कोण जाणे.

संध्याकाळी टेम्पोत शेजारची मुलगी कुजबुजली,
"मावशी, मागे... हळद."
मोतिया रंगाच्या साडीवर
पोत्याच्या विणीसकट उमटलेली, चांगली हातभर.

म्हणजे दिवसभर सगळ्यांनी पाहिलं.
कोणी हसलं नाही.
की माझी पाठ फिरल्यावर हसले?
पण पाठ फिरली, तेव्हाच तर दिसणार होती ती.

साडी बादलीत घातली. साबण लागला तशी
पिवळ्याची लालभडक झाली.
पुन्हा चोळली. तशीच.

फोन वाजला. "काय गं, पडली का छाप?"
म्हटलं, पडली.
निघत नाहीये.