सहावं बोट

अल खोरला बाहेर शेहेचाळीस, आत अठरा.
काचेच्या दोन दारांमध्ये मी स्वेटर चढवतो,
ऐन जुलैत, रोज रात्री दहाला,
आणि बांबूच्या मोळ्या सोडतो.
विमानातून आलेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या.
माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी विमानात बसलं नव्हतं,
बांबू तर नाहीच.

पाहुणा झोपलाय.
फळ्यांच्या मचाणावर पाठ टेकून, पाय फाकवून,
पंगत उठल्यावर लवंडलेल्या व्याह्यासारखा.
तीन तास झोपेल. उठून बसेल, खाईल.
मग पुन्हा तीन तास.
रात्र कुठली, दिवस कुठला, त्याच्या हिशेबात नाही.
डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं त्याची जन्माची,
माझी रातपाळीची.

डॉक्टर लुबना म्हणाल्या, अस्वलच आहे हा,
पण हिवाळाभर झोपणं याला परवडत नाही.
बांबूवर चरबी साठत नाही.
साठवण नाही, म्हणून सुट्टी नाही.
एवढं मला समजावून सांगायला नको होतं.

आतडं मांसाहाऱ्याचं, ताटात गवत.
शंभरातलं सतरा-अठरा अंगी लागतं,
बाकीचं हिरवंगार, जसंच्या तसं मागून,
झोपेतसुद्धा, कूस न बदलता.
मी ते गोळा करतो, तोलतो, वहीत लिहितो.
गावी सांगितलंय, नोंदणी विभागात आहे.

म्हणून तो काही उधळत नाही.
एक पाऊल टाकून दुसऱ्याचा विचार करतो.
आतली आग मंद ठेवलेली, राखेखालच्या निखाऱ्याइतकी,
आणि केस इतके दाट की ऊब बाहेर सांडत नाही:
उष्णतेच्या कॅमेऱ्यात आम्ही सगळे लालभडक,
तो मात्र गार, निळसर,
नाकाशी थोडा पिवळा.

परवा दोनच्या सुमाराला चिलर बसला.
अठराचे एकोणीस, एकवीस.
डंबर बहादूर शिडी घेऊन गच्चीवर धावला,
रोडेल फोनवर तीन भाषांत ओरडत होता.
चोवीस.
पाहुणा जागा झाला. जाळीपाशी येऊन बसला.
मोळीतली काठी उचलली, हुंगली, टाकली.
दुसरी. टाकली.
रोडेल म्हणाला, घाबरलाय.
मी म्हटलं, नाही. काठ्या सुकल्यात.

कसं कळलं तुला?

वाजवून.
पेरावर टिचकी मारली की ओला बांबू दबकं बोलतो.
हे मी शिकलो नव्हतो, माझ्यात होतं.
आम्ही देवरुखचे बुरूड.
अण्णा सुपं विणायचे, रोवळ्या, परड्या, कोंबड्यांचे खुराडे.
उजव्या अंगठ्याखाली, मनगटाशी,
कोयतीच्या मुठीने उठवलेला घट्टा, सुपारीएवढा.
आम्ही पोरं त्याला सहावं बोट म्हणायचो,
घरात. शाळेत नाही.
शाळेत मी तो हात कुणाला दाखवू दिला नाही.
पालकसभेची चिठ्ठी ओढ्यात सोडली,
आयटीआयला गेलो,
आणि बांबूला पुन्हा शिवायचं नाही असं ठरवलं.

वेचून वेचून अकरा ओल्या काठ्या जाळीतून सरकवल्या.
त्याने एक धरली,
आणि मी पहिल्यांदा जवळून पाहिलं:
पाच बोटं एका बाजूला, नखांसकट,
आणि समोरून, मनगटातून,
बाहेर आलेलं एक हाड.
अंगठा नव्हे. अंगठ्याचं काम करता करता
वाढलेलं, असं आपलं मला वाटलं.
डॉक्टर म्हणतात तसं नसतं,
त्याला लाखो वर्षं लागतात, कष्टाने हाडं वाढत नाहीत.
असेल.

दाताने साल ओढली त्याने, लांब, अखंड, एकाच झटक्यात.
अण्णा अशीच काढायचे.
मग मधला गर कडाकडा.
मी तिथेच उकिडवा बसलो, स्वेटर काढून,
माझ्या नकळत सालीची पट्टी हातात,
एक खाली, दोन वर, एक खाली.

वर पंखा घरघरला. डंबरने शिवी दिली, आनंदाची.

वहीत लिहिलं:
चार पंचवीस. तापमान बावीस, उतरतंय.
पाहुण्याने खाल्लं, साडेतीन किलो. झोपला.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पट्टी तशीच पानांत ठेवली,
अर्धं विणलेलं कोपऱ्याचं टोक,
आणि बसची वाट पाहायला उन्हात गेलो.