आय ॲम अफ्रेड

बर्डीवर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर
इंदूरकर मॅडमचा क्लास.
मे महिना. कूलरमध्ये पाणी नाही, नुसता वाळ्याचा वास
आणि फळ्यावर दोन रकाने:
डावीकडे पत्रातलं इंग्रजी, उजवीकडे तोंडातलं.

'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू' डावीकडे.
हे लिहितात, मॅडम म्हणाल्या, बोलत नाहीत.
माणसासमोर असं बोललं
तर त्याला वाटतं नोकरीचा अर्ज परत आला.
शीतल हसली. तिचा दोनदा आलाय.

'गेस व्हॉट' उजवीकडे.
ओळख पाहू, काय झालं असेल!
बाळंतपणाला चालतं, बढतीला चालतं,
आमच्या वॉर्डात चालत नाही.

आणि मधल्या रेघेवरच, दोन्हीकडे सांडेल असं
मॅडमनी लिहिलं: 'आय ॲम अफ्रेड'.
मी वहीत अर्थ लिहिला, मला भीती वाटते.
त्यांनी तो खोडला.
सिस्टर मेश्राम, इथे भीतीचा काही संबंध नाही,
ही नुसती रीत आहे,
वाईट सांगण्याआधी दार वाजवल्यासारखी.

अकरा वर्षं झाली मला मेडिकलला.
रात्री अडीचला जिन्यावर बसलेला असतो
उमरेडकडचा एखादा पोरगा,
नारळपाण्याची पिशवी गुडघ्यात धरून.
'कशी आहे जी माय आता?'
मी कधी रिग्रेट केलं नाही, इन्फॉर्मही नाही.
मी म्हणते, 'बस बाबू. जेवला का?'
एवढ्यानं कळतं त्यांना.
एक जण म्हणाला होता, 'हो, दोन समोसे,'
आणि मग असा गप्प झाला
जसं काही समोशांनीच घात केला.

हे परीक्षेत बसत नाही.
परीक्षेत पाच मिनिटं असतात आणि एक खोटा नातेवाईक.
आज रुखसार.
मी म्हटलं, 'आय ॲम अफ्रेड आय हॅव सम बॅड न्यूज.'
ती म्हणाली, 'ओ नो!'
ओ नो दूध उतू गेल्यावर, मॅडम म्हणाल्या.
इथे काहीच म्हणू नकोस. थांब.

थांबलो.
खाली एक जण ओरडत होता, शंभरला दोन गॉगल, शंभरला दोन.
शीतलनं पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
रुखसारच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.
तिचे अब्बा मार्चमध्ये गेले
तेव्हा फोनवर कुणीतरी एवढंच म्हटलं होतं, लवकर निघ.
ते कुठल्या रकान्यात टाकायचं
मॅडमना विचारायचं राहिलं.

ऑगस्टात कॉर्कहून ईमेल आली.
'वुई आर डिलाइटेड टु ऑफर यू.'
डावीकडचं इंग्रजी.
डिलाइटेड नेमकं कोण, ते खाली लिहिलं नव्हतं,
सहीच्या जागी नुसतं खात्याचं नाव.
दोन वर्षांचा करार. कुटुंबाला नंतर नेता येईल,
नंतर म्हणजे केव्हा, त्याला एक वेगळा फॉर्म.

इंदोऱ्याला उतरले, तरी घरी गेले नाही.
किराण्याच्या दुकानासमोर उभी राहून
ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, गेस व्हॉट.
दुकानदार म्हणाला, 'काय देऊ जी?'
मी उगाच पाव किलो साखर घेतली.
पर्समध्ये वही होती. खोडलेला अर्थ
रेघेखालून अजून वाचता येत होता.

सासूबाई टीव्हीसमोर.
श्रावस्ती जमिनीवर पालथी, भागाकार करत,
बाकी उरत होती म्हणून चिडलेली.
मी तिच्याजवळ बसले.
साखरेची पुडी मांडीवर तशीच.
किती वाक्यं आली आणि गेली.
शेवटी म्हटलं, 'जेवली का, बेटा?'

तिनं पेन्सिल खाली ठेवली.
'काहून विचारतेस?' म्हणाली.
'तू तर कधीच विचारत नाहीस.
सरळ वाढतेस.'