कोणाच्या शंभरातले

पेरामाला, गोदीच्या भिंतीमागे, आमची शाळा.
वारा फिरला की वर्गात रंगाचा वास येतो,
जहाजाच्या पोटाला लावतात त्या तांबड्या रंगाचा.

फळ्यावर मी उदाहरण लिहिलं:
एका वेल्डरला महिना हजार युरो मिळत.
पगार वीस टक्क्यांनी कापला,
तीन वर्षांनी वीस टक्क्यांनी वाढवला.
तर आता त्याला किती मिळतात?

हजार, ओरडला सगळा वर्ग.
वजा वीस, अधिक वीस, फिट्टंफाट.

स्टामाटिया ओरडली नाही.
हात वर न करता उभीच राहिली.
नऊशे साठ, म्हणाली.
आमच्या घरी सोडवून झालंय हे.
मालकही म्हणाले होते, घेतलं तेवढं परत दिलं,
आणि बाबांनी आभार मानले.
मग आई दर महिन्याला चाळीस युरो शोधत बसली,
कोटांच्या खिशांत,
जणू तिच्याच हातून कुठे पडले असावेत.

कोणी हसलं नाही. बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.

घेताना वीस कोणाच्या शंभरातले, सर,
आणि देताना कोणाच्या?

मी खडू उचलला. खडू बरा असतो अशा वेळी.
मूळ बदलतं, म्हणालो. कापताना मूळ हजार होतं,
वाढवताना आठशेच उरलं होतं.
म्हणून बेरीज-वजाबाकी करायची नाही,
शून्य दशांश आठ गुणिले एक दशांश दोन.

आणि आधी वाढवून मग कापला असता तर?
आर्गिरिसनं मागच्या बाकावरून विचारलं.

तरी नऊशे साठच.
गुणाकाराला मागचं-पुढचं कळत नाही,
सुख आधी की दुःख आधी, उत्तर एकच.
हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो. मला ते आवडायचं.

पण मधली तीन वर्षं, सर?
स्टामाटिया अजून उभीच होती.
तसं झालं असतं तर ती बाराशेची गेली असती.
आमची आठशेची गेली.

पांडेलीसला मी ओळखतो, तिच्या बापाला.
आयुष्यभर टक्केटोणपे खाल्लेला माणूस.
टोणपे दिसतात, कपाळावर, कोपरावर.
टक्के कुणाला दिसतात?

उत्तराला मी पूर्ण गुण दिले.
मधल्या वर्षांचे किती द्यायचे, ते सूचनांत नव्हतं.

संध्याकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.
दरवर्षी दहा टक्के नजर जाईल, म्हणाल्या.
कशाच्या दहा? मी विचारलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. उरलेल्याच्या, म्हणाल्या.

बसथांब्यावर मी तिकिटाच्या पाठीवर मांडत गेलो:
शंभर, नव्वद, एक्याऐंशी, बहात्तर पूर्णांक नऊ...
दहा वर्षांनी पस्तीसच्या जरासं आत.
शून्य नाही, आई. या रीतीनं शून्य येतच नाही.

बरं, ती म्हणाली.
समोर सालामिनाची फेरी निघाली होती, दिवे लावून.
तिनं मान थोडी वळवली, मग आणखी थोडी,
दिवा सापडेपर्यंत.
त्या पस्तिसात, तिनं विचारलं,
हे बसतील?